सर्व्हर घरचा, कारभारी कोण?

'मम्मी, व्हाय इज देअर अ सर्व्हर इन द हाउस?' या नावाचं एक सचित्र पुस्तक मायक्रोसॉफ्टने २००८ च्या सुमारास काढलं होतं. रूप लहान मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाचं, सूर थट्टेचा आणि हेतू जाहिरातीचा. बँकेत नाहीतर रेल्वेच्या आरक्षण केंद्रात शोभणारं यंत्र दिवाणखान्यात का आणून ठेवायचं, हे पटवायला एवढ्या मोठ्या कंपनीलाही गोष्टीचं सोंग घ्यावं लागलं. विकायचं होतं ते 'विंडोज होम सर्व्हर' नावाचं सॉफ्टवेअर.

आपल्याकडे तेव्हा हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. घरात कॉम्प्युटर असला तर एक, तोही मुलाची बारावी झाल्यावर घेतलेला. फोटो अल्बमात, लग्नाची सीडी टीव्हीखालच्या खणात. आज चार माणसांच्या घरात पाच फोन, दोन लॅपटॉप आणि एक स्मार्ट टीव्ही असतो. मुंजीचे फोटो फोटोग्राफरने दिलेल्या पेनड्राइव्हवर असतात, बारशाचे कुणाच्या तरी जुन्या, आता चालू न होणाऱ्या फोनमध्ये आणि गणपतीतले व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, म्हणजे मूळ आकारातून आकसून बारीक झालेले. आजोबांनी दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो मागितला की अख्खं घर शोधाशोध करत बसतं.

त्यात १ जून २०२१ ही तारीख आली. गुगल फोटोजने २०१५ पासून थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तितके फुकट ठेवू दिले होते. त्या दिवसापासून नवे फोटो खात्याच्या फुकट १५ जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले, आणि त्या १५ जीबीत जीमेल आणि ड्राइव्हचाही वाटा. फोनच्या पडद्यावर 'स्टोरेज फुल' उमटलं की महिन्याचे पैसे भरायचे किंवा फोटो पुसायचे, एवढेच दोन मार्ग लोकांना ठाऊक असतात. तिसरा मार्ग त्या चित्रांच्या पुस्तकातला: घरातच सर्व्हर ठेवायचा.

सर्व्हर म्हणजे थंडगार खोलीतलं लुकलुकत्या दिव्यांचं कपाटच असलं पाहिजे, असं नाही. जो कॉम्प्युटर सदैव चालू असतो आणि घरातली बाकीची यंत्रं मागतील त्या फायली त्यांना काढून देतो, तो सर्व्हर. स्क्रीन फुटलेला लॅपटॉपही या कामाला चालतो. अडचण यंत्राची कधी नव्हतीच, ती सॉफ्टवेअरची होती; आणि ते सॉफ्टवेअर घरच्या माणसाला झेपेल इतकं सोपं होण्यामागे वीस वर्षांची धडपड आहे.

कणगी भरली, कणगी फुटली

जानेवारी २००७ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात बिल गेट्स यांनी विंडोज होम सर्व्हरची घोषणा केली. एचपीच्या 'मीडियास्मार्ट सर्व्हर' या छोटेखानी डब्यात तो बाजारात आला. डब्याला ना मॉनिटर, ना कीबोर्ड. प्लग भिंतीत, केबल राउटरला, झालं. घरातल्या दहापर्यंत कॉम्प्युटरांचा बॅकअप तो रोज आपोआप घ्यायचा. तीच फाइल चार कॉम्प्युटरांवर असली तरी बॅकअपात तिची प्रत एकच ठेवायची, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं.

त्याची खरी करामत होती 'ड्राइव्ह एक्स्टेंडर'. कणगीत धान्य ओतावं तशी नवी हार्ड डिस्क त्यात घालायची. जुनी ५०० जीबीची, नवी १ टीबीची, कंपन्याही वेगळ्या, तरी सगळ्यांची मिळून एकच मोठी जागा दिसे. कुठली फाइल कुठल्या डिस्कवर आहे, हे घरच्यांनी विचारायचं कारणच नव्हतं.

पण २००७ संपायच्या आतच मायक्रोसॉफ्टला जाहीर करावं लागलं, की एकाहून अधिक डिस्क असलेल्या सर्व्हरवरची फाइल काही प्रोग्रॅममधून थेट उघडून बदलली तर ती खराब होऊ शकते. ज्या यंत्राचं कामच जपणूक, त्याच्याकडूनच नासाडी! दुरुस्ती यायला जुलै २००८ उजाडला. पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने आगामी आवृत्तीतून ड्राइव्ह एक्स्टेंडरच काढून टाकत असल्याचं सांगितलं आणि चाहते खवळले. त्याच सुमारास एचपीनेही अंग काढून घेतलं. २०१२ साली होम सर्व्हरची नवी आवृत्ती येणार नाही हे स्पष्ट झालं. त्याऐवजी जे उत्पादन सुचवलं गेलं त्याची किंमत होती ४२५ डॉलर. ते छोट्या व्यवसायांसाठी होतं, घरासाठी नव्हे. शेवटच्या आवृत्तीचा आधार एप्रिल २०१६ मध्ये थांबला.

इथे तंत्रज्ञान हरलं असं म्हणता येत नाही. तो चूल बंद करण्याचा निर्णय होता, आणि तो ज्यांच्या हाती होता त्यांच्या घरात तो डबा नव्हता. ज्यांच्या घरात होता, त्यांना तो सॉफ्टवेअर पुढे चालवण्याचा अधिकार नव्हता.

दोन भावांची वाटणी

याच काळात युरोपात दुसरी गोष्ट घडत होती. २००५ मध्ये फ्रान्समधल्या ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी जुन्या कॉम्प्युटरचा फाइल सर्व्हर करणारं 'फ्रीनॅस' हे सॉफ्टवेअर बांधलं. पाया घेतला मॅन्युएल कास्पर यांच्या 'मोनोवॉल' या फायरवॉलचा, तोही सर्वांसाठी खुला. सगळं प्रकरण एका लहानशा पेनड्राइव्हवर मावायचं आणि ब्राउझरमधून चालवता यायचं.

२००९ मध्ये घरात वाद निघाला. फ्रीनॅस उभं होतं फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर. त्याच्या विकासात हात असलेले फोल्कर टाइले यांना ते डेबियन लिनक्सवर नव्याने लिहायचं होतं. अमेरिकेतल्या आयएक्ससिस्टम्स या कंपनीने फ्रीबीएसडीची बाजू धरून जुनं घर सांभाळायला घेतलं, आणि टाइले यांनी वेगळी चूल मांडली: 'ओपनमीडियाव्हॉल्ट'. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०११ मध्ये आली. टाइले फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' कादंबरीविश्वाचे चाहते असावेत, कारण आवृत्त्यांची नावं अराकिस, उसुल, सँडवर्म अशी आहेत.

वाटणी झाली, पण कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही. दोन्ही घरं नांदली, कारण मूळ सॉफ्टवेअरचा परवानाच असा होता की ज्याला वेगळं व्हायचं त्याने शिदोरी बांधून घ्यावी. गंमत पुढेच आहे. जुन्या घराचं नाव बदलून 'ट्रूनॅस' झालं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी 'ट्रूनॅस स्केल'ची पहिली स्थिर आवृत्ती काढली. ती उभी होती डेबियन लिनक्सवर! ज्या मुद्द्यावरून भाऊ वेगळे झाले, त्या मुद्द्यावर थोरल्याने तेरा वर्षांनी धाकट्याचीच वाट धरली.

या दोन्ही घरांच्या पायात एक जुना दगड आहे, 'साम्बा'. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास लिहायला घेतलेला हा प्रोग्रॅम नसता, तर लिनक्सवरचा फोल्डर विंडोजच्या कॉम्प्युटरला दिसलाच नसता. विंडोज ज्या बोलीत फायली मागतं तिचं नाव एसएमबी. ट्रिजेल यांनी एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द कॉम्प्युटरच्या शब्दयादीतून शोधून काढले आणि त्यातला 'साम्बा' उचलला.

एक दुपार

आता ओपनमीडियाव्हॉल्टची प्रत्यक्ष मांडणी. समजा, दोन खोल्यांचं घर आहे. साहित्य: आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप किंवा पुस्तकाएवढा मिनी पीसी, ८ जीबी रॅम, सिस्टिमसाठी छोटी एसएसडी आणि फायलींसाठी वेगळी हार्ड डिस्क. हे 'वेगळी' महत्त्वाचं. ओपनमीडियाव्हॉल्ट ज्या डिस्कवर बसतं ती स्वतःसाठीच राखून ठेवतं. मिनी पीसीत एकच डिस्क असेल तर इन्स्टॉल होतं, पण फायली ठेवायला जागा म्हणून ती यादीत दिसतच नाही. पहिलीच दुपार वाया जायचं हे नेहमीचं कारण.

पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करायला अर्धा तास पुरतो. तेवढ्यापुरता टीव्ही मॉनिटर म्हणून जोडायचा. त्यानंतर स्क्रीन लागतच नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकायचा, १९२.१६८.१.५० असा काहीतरी. हा पत्ता उद्या बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो सर्व्हरच्या नावे राखून ठेवायचा. पहिल्यांदा आत शिरताना नाव 'ॲडमिन' आणि पासवर्ड 'ओपनमीडियाव्हॉल्ट'. जगातल्या प्रत्येक नव्या ओपनमीडियाव्हॉल्टचा तोच असतो, तेव्हा पहिलं काम तो बदलायचं.

मग क्रम ठरलेला. डिस्क पुसायची, तिच्यावर फाइल सिस्टिम तयार करायची, ती माउंट करायची, शेअर्ड फोल्डर बनवायचा, घरातल्या प्रत्येकाच्या नावाने युजर काढायचा आणि शेवटी एसएमबी सुरू करायचं. फोल्डरला 'सत्यनारायण २०१९' असं मराठी नाव दिलं तरी चालतं. शेअरचं स्वतःचं नाव मात्र रोमन लिपीत ठेवलेलं बरं, म्हणजे जुनाट टीव्ही अडत नाहीत. या सगळ्यात एक पिवळी पट्टी पडद्यावर वर सारखी येते: बदल नोंदले आहेत, लागू केलेले नाहीत. तिच्यावरच्या बरोबरच्या खुणेवर बोट ठेवल्याशिवाय काहीही घडत नाही. 'सगळं केलं तरी फोल्डर दिसत नाही' अशी तक्रार आली, तर आधी ती पट्टी पाहायची.

दुसरी मेख केबलमध्ये असते. गिगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला साधारण ११० एमबी वाहतात, म्हणजे १ टीबीचा संग्रह अडीच तासांत हलतो. पण दाराच्या फटीत चेपलेल्या केबलमधली एखादी तार तुटली असेल, तर जोडणी गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते. कुणी काही सांगत नाही, दिवाही लुकलुकत राहतो, फक्त त्याच कामाला अडीच तासांऐवजी पूर्ण दिवस लागतो. लोक सॉफ्टवेअरला बोल लावतात. दोष असतो शेपन्नास रुपयांच्या वायरचा.

बाळाचे फोटो

फोल्डर दिसू लागला म्हणून आजी खूश होत नाही. तिला फोनवर बोट सरकवत नातवाचे फोटो बघायचे असतात. इथे 'इमिच' येतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲलेक्स ट्रॅन या प्रोग्रॅमरने ते सुरू केलं. निमित्त त्याच्या घरातलंच: बाळ नवं, फोटो रोज वाढताहेत आणि त्यासाठी दरमहा पैसे भरत राहायची बायकोची तयारी नाही. इमिचचं ॲप फोनमध्ये टाकलं की नवे फोटो आपोआप घरच्या सर्व्हरवर, मूळ आकारात, जाऊन बसतात. चेहरे ओळखून माणसांप्रमाणे गठ्ठे करण्याचं कामही घरच्याच यंत्रावर होतं, फोटो बाहेर जात नाहीत. शब्द टाकून शोधायची सोय आहे. मूळ मॉडेल इंग्रजीचं आहे, पण सेटिंगमधून बहुभाषिक मॉडेल निवडता येतं आणि त्यांतल्या काहींना मराठीही कळते.

इमिच बसवायचं ते 'डॉकर'मधून. २०१३ मध्ये आलेल्या या तंत्राने घरगुती सर्व्हरचं निम्मं दुखणं संपवलं. पूर्वी एक प्रोग्रॅम बसवायला गेलं की दुसऱ्याचं काहीतरी बिघडायचं. डॉकरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या गरजेचं सगळं सामान घेऊन स्वतःच्या डब्यात बसतो. याची आमटी त्याच्या भातात सांडत नाही. इमिचचे असे चार डबे आहेत: मुख्य सर्व्हर, चेहरे ओळखणारा, डेटाबेस आणि तात्पुरत्या नोंदींचा. ज्याला हे डबे हाताने मांडायचे नाहीत त्याच्यासाठी 'कासाओएस' आणि 'अम्ब्रेल' आहेत. तिथे फोनच्या प्ले स्टोअरसारखी दुकानं दिसतात. चित्रावर बोट ठेवलं की ॲप उतरतं. घरच्या सिनेमांसाठी 'जेलीफिन' आहे, तेही एका वाटणीतून जन्मलेलं. 'एम्बी' या प्रोग्रॅमचं दार बंद होऊ लागलं तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये काही जण खुला भाग घेऊन बाहेर पडले.

गुगलमधून जुने फोटो आणताना मात्र सांभाळावं. 'टेकआउट'मधून संग्रह उतरवला की प्रत्येक फोटोबरोबर माहितीची एक वेगळी छोटी फाइल येते. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना आपण हाताने घातलेल्या तारखा त्या फायलीत असतात, फोटोत नसतात. ती मागे राहिली तर १९७४ च्या लग्नाचे फोटो परवाच्या तारखेला जाऊन बसतात.

इमिचच्या निर्मात्यांनी एक प्रामाणिकपणा पाळला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती जाहीर होईपर्यंत ते ठळक शब्दांत बजावत होते, की फोटो फक्त आमच्या भरवशावर ठेवू नका. आणि स्थिर झाल्यावरही तो सल्ला त्यांनी मागे घेतलेला नाही.

वेशीबाहेर

घरात सगळं सुरळीत चाललं की पुढची मागणी येते: ऑफिसातून बघता येईल का? अमेरिकेतल्या मुलीला दिसेल का?

इथे भारतातलं एक वास्तव आडवं येतं. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात कधीच अपुरे पडले, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांमध्ये अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला जातो. सोसायटीच्या फाटकावर पत्ता लिहिलाय, पण फ्लॅटचा नंबर बाहेरच्याला ठाऊक नाही, असा प्रकार. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून थेट आपल्या दारी येता येत नाही. परदेशी पुस्तकांतली 'राउटरमध्ये पोर्ट उघडा' ही कृती इथे कितीही वेळा केली तरी फळत नाही.

पण हे अडलं ते एका अर्थी बरंच झालं. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या घरगुती डब्यांवरचा डेटा जगभर एकाएकी पुसला गेला. इंटरनेटवर थेट दिसणाऱ्या त्या यंत्रांना २०१५ नंतर सुधारणाच मिळाल्या नव्हत्या. उघड्या दाराची किंमत ती.

त्यापेक्षा 'टेलस्केल'सारखी सोय चांगली. २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झालेल्या 'वायरगार्ड' या तंत्रावर ती चालते. सर्व्हरवर आणि फोनवर एकाच खात्याने ती सुरू केली की दोन्ही यंत्रं जगात कुठेही असोत, एकाच घरात असल्यासारखी बोलतात. मग न्यू जर्सीतली मुलगी नाशिकच्या घरातला सर्व्हर उघडून दिवाळीचे फोटो पाहू शकते, आणि अडलं तर तिथूनच दुरुस्तही करू शकते.

वीज आणि प्रत

खर्चाचा हिशेब साधा आहे. मिनी पीसी सरासरी १० वॉट घेत असेल तर वर्षाला साधारण ८८ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर पावणेनऊशे रुपये. तेच काम ६० वॉटच्या जुन्या डेस्कटॉपने केलं तर सव्वापाचशे युनिट, म्हणजे सव्वापाच हजार. फुकट मिळालेला डेस्कटॉप दोन-तीन वर्षांत नव्या यंत्राएवढा महाग पडू शकतो.

वीज महाग असण्यापेक्षा ती मध्येच जाणं वाईट. डिस्कवर लिहिणं चालू असताना दिवे गेले तर फाइल अर्धवट राहते, डेटाबेस रुसतो. यूपीएस ही चैन नाही. आणि तो राउटरलाही हवा, नाहीतर सर्व्हर जागा आणि रस्ता बंद.

प्रतींबाबत छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम घरालाही लागू पडतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी 'रेड' पद्धत म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी पुसला जातो. घराबाहेरच्या प्रतीसाठी मराठी घरांना लांब जावं लागत नाही. भावाचं घर किंवा गावाकडचं कपाट पुरतं. दर गणपतीत जाताना एक डिस्क न्यायची आणि मागच्या वर्षीची परत आणायची.

कारभारी

इतकं झाल्यावर ध्यानात येतं, की सर्व्हर लावण्याचं काम एका दुपारचं राहिलं आहे आणि सांभाळण्याचं काम जुनंच आहे. महिन्याकाठी अपडेट, डिस्कच्या तब्येतीवर नजर, वर्षातून एकदा बॅकअपातून एखादी फाइल खरोखर परत आणून पाहणं. मायक्रोसॉफ्टच्या डब्यात हे कंपनीच्या शिरावर होतं आणि कंपनी निघून गेली. आताच्या डब्यात ते घरातल्या एका माणसाच्या शिरावर असतं. तोही नोकरीला बंगळुरूला जातो, आजारी पडतो, कधी अचानक जातो. मागे राहिलेल्यांना तो काळा डबा कसला आहे हेही ठाऊक नसतं. अशा वेळी घरातलं कुणीतरी डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडून बघतं.

म्हणून सर्व्हर लावला त्याच दिवशी एक कागद लिहावा आणि बँकेच्या, विम्याच्या कागदांसोबत कपाटात ठेवावा. सर्व्हर कुठे आहे, फोटो कुठल्या डिस्कवर आहेत, पासवर्ड काय, दुसरी प्रत कुणाच्या घरी, अडलं तर कुणाला विचारायचं. आणि या सगळ्याच्या वर, मोठ्या अक्षरांत एक ओळ: ही डिस्क लिनक्सच्या पद्धतीने लिहिलेली आहे, विंडोजच्या लॅपटॉपला जोडली की तो ती फॉरमॅट करायची का असं विचारेल, तेव्हा 'कॅन्सल' दाबा.